वकिलाच्या हाताखाली शिकायचे असेल तर

कॅलिफोर्नियात लॉ कॉलेजात न जाता, एखाद्या वकिलाच्या देखरेखीखाली 4 वर्षे, आठवड्याला किमान 18 तास अभ्यास करून बार परीक्षेला (वकिलीच्या परवान्यासाठीच्या परीक्षेला) बसता येते. आपल्याकडे मात्र 1961 च्या अधिवक्ता अधिनियमानुसार कायद्याची पदवी अनिवार्य असल्याने जळगाव, धुळे वा नंदुरबारच्या न्यायालयात कितीही वर्षे कारकुनी केली तरी वकिलीची सनद मिळत नाही. तेव्हा पदवी आणि वकिलाच्या हाताखालचे शिक्षण, दोन्ही एकदम करावे. पदवीनंतर सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन 3 वर्षांच्या नियमित एलएलबीला प्रवेश घ्यावा (दूरस्थ पदवी चालत नाही) आणि पहिल्याच वर्षी दिवाणी कामे चालवणाऱ्या वकिलाकडे शिकाऊ उमेदवारी मागावी. बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमाने किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप लागतेच, पण तेवढ्यात, माझ्या मते, बोर्ड (न्यायालयातल्या त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) वाचणेही धड जमत नाही. सुरुवातीला तारखांची डायरी लिहावी, नकलेचे अर्ज करावेत. रावेर-यावलकडच्या वाटणीच्या दाव्यात सातबारा आणि फेरफार शेजारी ठेवून कोणत्या बहिणीचे नाव कधी गळले, हे स्वतः शोधावे आणि मगच वादपत्राचा (दावा दाखल करण्याच्या अर्जाचा) कच्चा मसुदा करावा. स्टँप चिकटवण्यापलीकडे काहीच न शिकवणारे कार्यालय खुशाल सोडावे. नावनोंदणीपूर्वी वकालतनाम्यावर वकील म्हणून सही करू नये. वकिली करण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते.