आधी शहर, मग सामना: फुटबॉलची मोठी स्पर्धा पाहायला जाताना

फुटबॉलची मोठी स्पर्धा मैदानात बसून बघायची असं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी संघ निवडतात. अर्जेंटिना बघायचा, पोर्तुगाल बघायचा, आणि मग त्या संघाच्या मागे तिकिटं, विमानं, मुक्काम सगळं फरफटत न्यायचं. मी आणि बाबा बरोबर उलट करतो. आधी शहर ठरवतो, मग तारखा, आणि मग त्या तारखांना त्या शहरात जे सामने असतील ते आमचे. ज्याची सुट्टी मोजकी आहे, खर्च हात राखून करायचा आहे आणि सोबत गुडघे दुखणारं माणूस आहे, त्याने हाच रस्ता धरावा, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. कोणत्या दिवशी कोणत्या मैदानावर कितवा सामना, हे संघांची सोडत निघायच्या खूप आधी जाहीर होतं. २०२६ च्या विश्वचषकाचं वेळापत्रक फेब्रुवारी २०२४ मध्येच आलं. कोणता संघ कोणत्या गटात, ते डिसेंबर २०२५ मध्ये कळलं. शहर धरून चालणाऱ्याला एवढा काळ तयारीला मिळतो. संघ धरून चालणाऱ्याची कसरत सोडतीनंतर सुरू होते आणि गटफेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्या स्पर्धेची मांडणी बघा: ४८ संघ, १२ गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, शिवाय तिसऱ्या आलेल्यांपैकी सर्वोत्तम आठ. तिसऱ्या आलेल्या संघाला आपण पुढे जाणार की परत, आणि पुढे गेलो तर कोणत्या शहरात, हे बाकीच्या गटांचे निकाल लागेपर्यंत कळत नाही. यजमान शहरं १६, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत पसरलेली. व्हँकुव्हरहून मायामी सुमारे ४,५०० किलोमीटर. आयत्या वेळी असं विमान काढायला पैसा लागतोच, पण त्याहून जास्त अंगात ताकद लागते.

स्पर्धा आटोपशीर असेल तर संघामागे फिरण्यात खरी मजा आहे, हेही सांगायला हवं. कतारला २०२२ मध्ये आठही मैदानं दोहा आणि आसपास होती. गटफेरीत बहुतेक दिवशी चार सामने व्हायचे आणि एकाच दिवशी दोन बघता यायचे. स्वित्झर्लंडमधल्या २०२५ च्या महिला युरोत (युरोपीय देशांच्या स्पर्धेत) आठ शहरं होती आणि सामन्याच्या तिकिटावरच देशभरातल्या रेल्वेने जाता-येता यायचं. अशी स्पर्धा असेल तर खुशाल हिंडा. म्हणून नकाशा आधी उघडायचा, संघांची यादी नंतर.

आता कोणते दिवस? मला गटफेरीतले दुसरे सामने सर्वांत आवडतात. पहिल्या सामन्यात सगळे जपून खेळतात, हरायचं नाही एवढंच डोक्यात असतं. तिसऱ्यापर्यंत काही संघांचं पुढे जाणं पक्कं झालेलं असतं आणि ते मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात. शिवाय गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळायला उतरले तेव्हा त्यांच्याच गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच झालेला होता. जर्मनी १-० ने जिंकलं तर दोघेही पुढे, हे दोघांना ठाऊक होतं. जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. अल्जीरिया बाहेर गेला. त्यानंतर हा एकाच वेळेचा नियम आला. नियम उत्तम आहे, पण प्रेक्षकाने लक्षात ठेवावं की त्या दिवशी एका गटाचा एकच सामना बघता येतो. गटफेरीतल्या दुसऱ्या सामन्यात मात्र सगळ्यांकडे मिळवायला काहीतरी असतं आणि कुणीच स्वस्थ बसून राहू शकत नाही.

आणि मोठ्या नावांच्याच मागे लागू नका. युरो २०२४ मध्ये, २२ जूनला, आम्ही जर्मनीतल्या हॅम्बुर्गला जॉर्जिया विरुद्ध चेकिया बघितला. आमचं शहर ठरलेलं होतं, त्या दिवशी तिथे तो सामना होता, इतकंच. जॉर्जियाची ती पहिलीच मोठी स्पर्धा. त्यांच्या मिकाउताद्झेने पेनल्टीवर गोल केला, चेकियाच्या शिकने बरोबरी साधली, आणि जॉर्जियाचा गोलकीपर मामार्दाश्विली भिंतीसारखा उभा राहिला. अगदी शेवटच्या क्षणी जॉर्जियाचे तिघे पळत सुटले, समोर बचाव करायला एकच खेळाडू. बाबा गुडघे विसरून उभे राहिले. फटका बारवरून गेला. आमच्या पुढच्या रांगेतलं अख्खं कुटुंब डोक्याला हात लावून बसलं, आणि मिनिटभरात तेच सगळे उठून गाऊ लागले, कारण १-१ बरोबरी म्हणजे त्यांच्या देशाचा अशा स्पर्धेतला पहिला गुण होता. चार दिवसांनी त्याच संघाने पोर्तुगालला २-० हरवलं. पहिल्यांदा आलेल्या देशाच्या पाठीराख्यांमध्ये बसण्यासारखं सुख नाही, आणि असं तिकीट मिळणं तुलनेने सोपं असतं.

तिकिटाचं मुख्य सूत्र एकच: फिफा (जागतिक फुटबॉल संघटना), युएफा (युरोपातली) किंवा त्या स्पर्धेच्या आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळाशिवाय कुठूनही घ्यायचं नाही. विक्री साधारणपणे टप्प्याटप्प्याने होते. आधी अर्जदारांमधून तिकिटांची सोडत, मग जो आधी येईल त्याला, आणि शेवटी अधिकृत पुनर्विक्री. सोडतीच्या टप्प्यात पहिल्या तासाला अर्ज केला काय आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी केला काय, संधी सारखीच असते. तेव्हा जागरण नको, मुदत मात्र चुकू नये. खातं आधीच उघडून ठेवा आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने घाला.

पुनर्विक्रीकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, आणि शहर धरून बसलेल्याचा खरा फायदा तिथेच आहे. एखादा मोठा संघ अनपेक्षितपणे बाद झाला की त्याच्या भरवशावर पुढच्या फेरीची तिकिटं घेऊन ठेवलेले लोक ती परत विकायला काढतात. तुम्ही त्या शहरात आधीपासून मुक्कामाला असाल तर तिकीट तेवढं घ्यायचं उरतं. सकाळ-संध्याकाळ अधिकृत पुनर्विक्रीचं पान बघत राहा. त्यावर शुल्क लागतं, २०२६ मध्ये तर विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडूनही. तेव्हा शेवटचा आकडा बघूनच बटण दाबा. मैदानाबाहेर उभ्या माणसाकडून कधीही घेऊ नका. तिकीट आता बहुतेक फोनमधल्या अॅपमध्येच असतं, त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. सोबतच्या माणसाचं तिकीट आदल्या दिवशीच त्याच्या फोनवर पाठवा.

जागेबद्दल माझं मत: गोलच्या मागे खाली बसण्यापेक्षा लांब बाजूला वरच्या मजल्यावर बसावं. तिथून संघाची रचना, मोकळ्या जागा, बचावाची रेषा कशी पुढे-मागे सरकते ते सगळं दिसतं. जवळून खेळाडूंचे चेहरे बघायला टीव्ही आहेच.

व्हिसाच्या बाबतीत एक गैरसमज घट्ट बसलेला आहे, की तिकीट असलं की प्रवेश मिळतो. रशियाने २०१८ मध्ये फॅन आयडी दिला आणि कतारने २०२२ मध्ये हय्या कार्ड, त्यावर देशात जाता येत होतं. ते त्या त्या यजमानांनी केलेले अपवाद. एरवी तिकीट हे फक्त प्रवासाचं कारण दाखवायला उपयोगी पडतं. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस आणि काही वेळा ४५ दिवस लागतात, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध असावा लागतो. स्पर्धेच्या वर्षी भेटीच्या वेळा भराभर भरतात, म्हणून अर्ज सुरू झाल्या आठवड्यातच करून टाका.

स्पर्धा एकाहून जास्त देशांत असेल तर प्रत्येक देशाचा नियम वेगळा वाचायचा. युरो २०२८ इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये आहे, ९ जून ते ९ जुलै. पहिल्या तिन्हींना ब्रिटनचा नियम, डब्लिनला आयर्लंडचा, आणि शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालत नाही. एका देशातून दुसऱ्यात जाऊन परत यायचं असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. हा हिशोब शहर निवडतानाच करा.

कामांचा क्रमही सांगून ठेवते. आधी रद्द करता येईल असा मुक्काम, अगदी संघांच्या सोडतीपूर्वी, कारण वेळापत्रक येताच खोल्या भरायला लागतात. मग तिकिटांचा अर्ज, मग व्हिसा, आणि विमान सगळ्यात शेवटी. विमान आधी काढण्याचा मोह प्रचंड होतो. तारीख बदलता येणार असेल तरच त्याला बळी पडा.

मुक्काम शोधताना मैदान नेमकं कुठे आहे ते स्वतः नकाशावर बघा. स्पर्धेत दिलेलं शहराचं नाव आणि मैदानाचा पत्ता यांचा मेळ असेलच असं नाही. २०२६ च्या यादीत बोस्टन लिहिलंय, मैदान आहे फॉक्सबरोला, रस्त्याने ४० किलोमीटरहून दूर. सॅन फ्रान्सिस्कोचं सांता क्लारात, डॅलसचं आर्लिंग्टनला, आणि अंतिम सामन्याचं न्यू यॉर्क म्हणजे न्यू जर्सीतलं ईस्ट रदरफर्ड. त्यात प्रायोजकाचं नाव असलेल्या मैदानांना स्पर्धेपुरतं वेगळं नाव देतात, त्यामुळे तिकिटावर एक आणि नकाशावर दुसरंच दिसतं. दोन्ही नावं लिहून ठेवा. मैदानाला खेटून राहण्यापेक्षा मैदानाकडे थेट जाणाऱ्या रेल्वे किंवा मेट्रोच्या मार्गावर राहावं. युरो २०२४ मध्ये सामन्याच्या तिकिटावर स्थानिक वाहतूक ३६ तास मोफत होती, त्यामुळे दूर राहिलं तरी बिघडत नव्हतं. अशी सोय आहे का, ते आधी बघा.

सोबत वयस्कर माणूस असेल तर सामन्याची वेळ बघून सामना निवडा. जर्मनीत तीन, सहा आणि नऊ अशा वेळा होत्या. हॅम्बुर्गचा सामना दुपारी तीनचा होता, पाचच्या सुमारास संपला, लख्ख उजेडात आम्ही श्टेलिंगन स्टेशनापर्यंत थांबत थांबत आलो. नऊचा सामना संपतो अकराला, आणि बाद फेरीत बरोबरी झाली तर तीस मिनिटांचा जादा वेळ आणि वर पेनल्टी शूटआउट. शेवटची गाडी किती वाजता, हे तिकीट घेण्याआधी बघायचं. स्टेशनपासून दारापर्यंतचं अंतरही बघा. गर्दी वळवण्यासाठी लावलेल्या कठड्यांमुळे ते नकाशातल्यापेक्षा खूप वाढतं. चालायला किंवा जिने चढायला त्रास असेल तर सुलभ जागांची वेगळी तिकिटं असतात. त्यांचा अर्ज पहिल्याच टप्प्यात करा. सोबत्याच्या तिकिटाचे नियम दर स्पर्धेत बदलतात, ते नीट वाचा.

सामन्याच्या दिवशी तीन तास आधी पोहोचा. दक्षिण अमेरिकेच्या कोपा अमेरिका स्पर्धेच्या २०२४ च्या अंतिम सामन्यात तिकीट नसलेले लोक आत घुसले, दारं बंद झाली, सामना तासाहून जास्त उशिरा सुरू झाला आणि तिकीट हातात असलेले कित्येक जण बाहेर उन्हात अडकून पडले. लवकर आत गेलेल्यांना याची झळ कमी बसते. पिशवीचा आकार आधी तपासा: युरो २०२४ ला ए-फोर कागदाएवढी चालायची, अमेरिकेतल्या मैदानांवर पारदर्शक पिशवीचा आग्रह असतो. पॉवर बँक, ओळखपत्र, रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, एवढं पुरे.

हवामानासाठी वेळ राखून ठेवा. अमेरिकेत मैदानाजवळ वीज चमकली की खेळ थांबवतात आणि प्रेक्षकांना आडोशाला पाठवतात. जून २०२५ मध्ये शार्लटला क्लब विश्वचषकात बेनफिका आणि चेल्सीचा सामना शेवटची काही मिनिटं उरली असताना थांबला, जवळजवळ दोन तास. परत सुरू झाल्यावर बेनफिकाने पेनल्टीवर बरोबरी केली, जादा वेळ झाला, आणि चेल्सी ४-१ ने जिंकलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत साडेचार तासांहून जास्त. मेक्सिको सिटीला जाणार असाल तर ते २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिला दिवस सावकाश चाला आणि सामना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा घ्या.

शिट्टी वाजली की उठू नका. वीस-पंचवीस मिनिटं जागेवरच बसा. खेळाडू पाठीराख्यांकडे जातात, गाणी चालू राहतात, आणि तोवर स्टेशनावरची पहिली झुंबड ओसरते. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं घेऊ नका, मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी पुनर्विक्रीचं पान सकाळी एकदा उघडून बघा. त्याच शहरात संध्याकाळी सामना असेल, तर आणखी एक तिकीट निघालेलं असू शकतं.