जुन्या घराचं वायरिंग: वायरमन कसा निवडावा, त्याच्याकडून काय करून घ्यावं

वाडा असो, चाळीतली खोली असो की साठ ते ऐंशीच्या दशकांत बांधलेला फ्लॅट, त्या वायरिंगचा हिशोब चार दिवे, दोन पंखे, एक रेडिओ आणि इस्त्री एवढाच होता. आज त्याच तारांवर गीझर, एसी, इंडक्शन आणि वॉशिंग मशीन चालतं. तार भिंतीत दडलेली असल्यामुळे ती तापते, इन्सुलेशन कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं, आणि बाहेर मात्र काहीच दिसत नाही. म्हणून आधी तपासणी करा, खरेदी आणि तोडफोड नंतर.

वायरमनला बोलावण्याआधी घरातून एक फेरी मारा. कुठला बोर्ड हाताला कोमट लागतो, कुठलं सॉकेट पिवळं-तपकिरी पडलंय, मिक्सर लावला की दिवे मंदावतात का, पावसाळ्यात एखाद्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, हे लिहून ठेवा. झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करून त्याच दिवशी माणूस बोलवा. तिथे फेज, म्हणजे विजेची जिवंत तार, ओल्या भिंतीत उतरलेली असते. बिलावरचा मंजूर भारही पाहून ठेवा. 2000 वॅटचा गीझर साधारण 9 अँपिअर ओढतो, 3000 वॅटचा 13, दीड टनाचा एसी 7-8, इस्त्री 4 ते 5. एका वेळी काय काय चालतं त्याच्या वॅटची बेरीज करा आणि 1000 ने भागून किलोवॅटमधल्या मंजूर भाराशी ताडून पाहा. ती मंजूर भाराच्या वर जात असेल तर नुसती जाड तार टाकून भागणार नाही, वीज कंपनीकडे भार वाढवून मागावा लागेल.

आता माणूस. महाराष्ट्रात घरच्या वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने करायचं असतं, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना हवा. नाक्यावरच्या दुकानातला पोरगा पंखा बसवून देईल, पण अख्ख्या घराचं वायरिंग त्याच्यावर सोपवू नका. परवान्यावरचा क्रमांक आणि मुदत बघा. नवीन जोडणीला किंवा भारवाढीला लागणारा टेस्ट रिपोर्ट त्याच ठेकेदाराच्या सहीने मिळतो, त्यामुळे "टेस्ट रिपोर्ट तुम्हीच देणार ना?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे बहुधा परवाना नसतो.

दुसरा प्रश्न, "मेगर आहे का?" मेगर म्हणजे 500 व्होल्ट डीसी दाब देऊन तारेचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र. नुसता टेस्टर घेऊन आलेल्याला जुन्या घराची अवस्था कळू शकत नाही. मेगर मारण्याआधी सगळी उपकरणं, इन्व्हर्टर, एलईडी दिवे आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवायचे, नाहीतर ते जळतील आणि आकडाही चुकेल. न्यूट्रल म्हणजे करंटची परतीची तार, आणि अर्थ म्हणजे गळती जमिनीत नेणारी. प्रत्येक सर्किटचा फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल आकडा कागदावर लिहून घ्या. 1 मेगाओहमच्या खाली असलेलं सर्किट बदलायचंच. शक्य असेल तर ही मोजणी जुलै-ऑगस्टमध्ये करा. मे महिन्यात कोरडी भिंत सगळं झाकते. ओलीतले आकडेच खरी स्थिती सांगतात. मोजणी पावसाळ्यात आणि भिंती फोडायचं काम उन्हाळ्यात, असा क्रम सर्वांत सोयीचा.

अर्थिंग आणि आरसीसीबी

जुन्या घरांत सर्वांत जास्त गोंधळ इथे असतो. पूर्वी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळायची पद्धत होती. पुढे नळाचे पाइप प्लास्टिकचे झाले आणि अर्थिंग कधी गेलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. इमारतीत तळमजल्याच्या मीटर खोलीपर्यंत अर्थिंग असतं, पण वरच्या मजल्यावर ती हिरवी तार आलेलीच नसते. मग वॉशिंग मशीनला हात लावला की झटका बसतो, आणि कुणीतरी सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकाचा पॉइंट तारेच्या तुकड्याने न्यूट्रलला जोडून देतं. झटका थांबतो. पण हा उपाय जीवघेणा आहे. ज्या दिवशी त्या सॉकेटचा न्यूट्रल कुठेतरी सुटेल, त्या दिवशी मशीनच्या अख्ख्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतील.

मेन बंद करून प्रत्येक तीन पिनी सॉकेट उघडायला लावा आणि असा तुकडा दिसला तर काढा. न उघडता संशय घ्यायचा असेल तर इस्त्री चालू ठेवून जवळच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजायला सांगा. चांगल्या वायरिंगमध्ये एखादा-दीड व्होल्ट दिसतो. अगदी शून्य दिसलं तर तिथे तुकडा असण्याची शक्यता मोठी. फेज-न्यूट्रल 230 असूनही फेज-अर्थमध्ये त्याच्या जवळपास आकडा येत नसेल तर अर्थ तुटलेला आहे.

स्वतःचं अंगण असेल तर नवं अर्थिंग घाला: सुमारे 40 मिलीमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर झाकणाचा चेंबर, म्हणजे उन्हाळ्यात पाणी घालता येतं. अर्थ टेस्टरवर 5 ओहमच्या आत आकडा मिळेपर्यंत काम पूर्ण झालं असं मानू नका. सोसायटीत मात्र मीटर खोलीपासून मजल्यांपर्यंतचं अर्थिंग हा सोसायटीचा विषय आहे. तिथे अर्ज देऊन सगळ्यांचं एकदम करून घेणं स्वस्त पडतं.

यानंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की आपोआप पडून (बंद होऊन) वीज तोडणारा स्विच. एमसीबी हा जास्त भार आला की तसाच पडणारा स्विच. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. जाणारा आणि परतणारा करंट सारखा नसला की तो पडतो, म्हणून अर्थिंग नसलेल्या घरातही तो उपयोगी आहे. अर्थिंगचं काम पुढच्या वर्षावर गेलं तरी आरसीसीबी आत्ताच बसवा. ओव्हरलोड मात्र त्याला कळत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे एमसीबी हवेतच.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की बहुतेक वेळा लगेच पडतो. वायरमन म्हणतो, "पीस खराब आहे, काढून टाकू." काढू देऊ नका. वर सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा तुकडा हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे एखाद्या पॉइंटची फेज आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने आणि न्यूट्रल त्याच्यानंतरच्या लिंकवरून (न्यूट्रल तारा एकत्र जोडायच्या पट्टीवरून) घेतलेला असणं. इन्व्हर्टर आणि मागाहून टाकलेल्या गीझरच्या लाइनमध्ये हे हमखास सापडतं. तिसरं, गीझरची गळणारी कॉइल. शोधायची पद्धत अशी: मेन बंद, न्यूट्रल लिंकमधल्या सगळ्या तारा सोडवायच्या, मग एकेका सर्किटचा न्यूट्रल जोडून, त्याचा एमसीबी वर करून, त्यावर लोड चालवून पाहायचं. नुसते एमसीबी खाली करून हा दोष सापडत नाही, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. या कामाला दोन-तीन तास लागतात. त्याचे पैसे वेगळे द्या, पण ते करून घ्या. बसल्यावर टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

तार, फ्यूज, एमसीबी

दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिलीमीटर तांब्याची तार आणि 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी. 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5 आणि 16 चा; गीझर, एसीला स्वतंत्र 4 ची तार आणि 20 चा. एका दिव्या-पंख्यांच्या सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॅट, याच्यावर जाऊ नका. एमसीबी सारखा पडतो म्हणून 16 काढून 32 चा बसवणारा वायरमन तारेलाच फ्यूज बनवतो.

किटकॅट फ्यूज (तार घालायचे जुने चिनी मातीचे फ्यूज) असतील तर ते काढाच. त्यांत फ्लेक्सिबल वायरीचे दोन-चार धागे पिळून घातलेले सापडतात, आणि ते कितीवर वितळतील हे कुणीच सांगू शकत नाही. काही जुन्या बोर्डांत न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला की दिवे बंद होतात, पण फेज जिवंतच राहते, आणि लाइट गेलीय समजून माणूस हात घालतो.

अॅल्युमिनियमची जुनी तार निघाली तर तिला तांब्याचा जोड पिळून पट्टी गुंडाळू देऊ नका. दोन धातूंचा जोड ओलीत गंजतो, सैल होतो, तापतो. ते सर्किट बोर्डापासून पॉइंटपर्यंत पूर्ण बदला. लाकडी पट्टीवरच्या किंवा केसिंगमधल्या तारांचंही तेच.

तार स्वतः आणा आणि आयएसआय चिन्ह पाहा. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही मिळते. टोक चाकूने खरवडलं की आत पांढरं दिसतं. वजनही खोटं बोलत नाही: 90 मीटरच्या 1.5 च्या गुंडाळीत सुमारे 1.2 किलो आणि 2.5 च्या गुंडाळीत सुमारे 2 किलो नुसतं तांबंच असतं. प्लास्टिकसकट अख्खी गुंडाळी त्याहून हलकी भरली तर परत करा.

दर पॉइंटवर ठरतो, पण पॉइंट म्हणजे काय ते कागदावर हवं: भिंत खोदणं आणि बुजवणं त्यात धरलंय का, अर्थची तार प्रत्येक सॉकेटपर्यंत येणार का, जोड फक्त बॉक्समध्येच असतील का. भिंत बुजवण्याआधी पाइपांचे फोटो काढा, पुढे खिळा मारताना लागतात. शेवटचा हप्ता मेगरचे नवे आकडे आणि आरसीसीबीची चाचणी तुमच्यासमोर झाल्यावर द्या.

मीटर आणि त्याच्या आधीची तार वीज कंपनीची; तिथलं सील कुणालाही तोडू देऊ नका. काही दिवे एकाएकी झगझगीत आणि काही मंद झाले तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो. लगेच मेन बंद करा आणि 1912 वर तक्रार नोंदवा.