दुर्मीळ पक्षी बघायला निघालात? या चुका टाळा

डिसेंबर लागला की बेळगाव भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप फिरू लागतात. हिडकल जलाशयाच्या काठी पट्टकदंब (बार-हेडेड गूज, हिवाळ्यात येणारे हंसासारखे पक्षी) उतरलेत, धूपदाळला कांड्या करकोचे दिसले. रविवारी पहाटे गाड्या निघतात आणि नऊच्या सुमारास अर्ध्या लोकांची तक्रार येते की पक्षी उडून गेले. बहुतेक वेळा त्यांना आपणच उडवलेलं असतं.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे थव्याकडे सरळ चालत जाणं. पाणी उतरलं की काठच्या गवतात आणि गाळपेरीच्या पिकात पट्टकदंब चरतात. बहुतेकांच्या माना खाली असतात, एखाद-दुसरा मान ताणून पहाऱ्यावर असतो. तुम्ही जवळ सरकलात की आणखी एक मान वर येते, मग चार, मग सगळ्या. चरणं थांबतं, चोची एकाच दिशेला वळतात, घोगरा आवाज वाढत जातो. यानंतर थवा उठणारच. म्हणून दुसरी-तिसरी मान वर आली की तिथेच खाली बसा आणि गप्प राहा. माना पुन्हा खाली गेल्या तर अंतर बरोबर आहे. नाही गेल्या तर मागे या, अगदी फोटो सोडून मागे या. वीस जणांच्या गटात एकाने पुढे घुसायचं ठरवलं तरी बाकीच्यांची सकाळ वाया जाते, त्यामुळे उतरण्यापूर्वीच एकाला म्होरक्या ठरवा आणि त्याचं ऐका.

हे पक्षी तिबेट-मंगोलियाकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हिमालय ओलांडून परत जातात. ७००० मीटरहून अधिक उंचीवर त्यांच्या उडण्याची नोंद झाली आहे. त्या प्रवासाची चरबी आपल्याकडच्या शेतांत आणि गवतात साठते. दिवसातून चार वेळा उठवलेला थवा तेवढा कमी खातो, म्हणून मला हा मुद्दा शिष्टाचारापेक्षा फार मोठा वाटतो.

फोटो धूसर येतात म्हणून लेन्सला दोष देणारे पुष्कळ भेटतात. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दहापर्यंत काठची चिखलजमीन तापून हवा थरथरू लागते. कितीही महाग लेन्स असो, त्या थरथरीतून पिसं स्पष्ट येत नाहीत. उजाडायच्या आत पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा. दुर्बिणीवर वाफ धरत असेल तर गाडीत एसी लावून आल्याचा तो परिणाम आहे. दुर्बीण बाहेरच्या हवेत थोडा वेळ ठेवा, शर्टाने घासू नका.

ओळखण्यातही घाई होते. दूर उभा राखी बगळा बघून करकोचा आला असा निरोप पाठवला जातो. उडताना बघा: बगळा मान आत घेऊन उडतो, करकोचा मान सरळ पुढे ताणतो. अर्थात चित्रबलाकासारखे पक्षीही मान ताणूनच उडतात, म्हणून कांड्या करकोच्याचे डोळ्यामागचे पांढरे तुरे आणि छातीवर लोंबणारी काळी पिसं दिसेपर्यंत थांबा. पट्टकदंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे प्रौढांनाच असतात. कोवळ्या पक्ष्यात ते नसतात, तेवढ्यावरून 'वेगळी जात' जाहीर करू नका. भोवत्यांच्या (हॅरियर या शिकारी पक्ष्यांच्या) माद्या तर जाणकारांनाही चकवतात. खात्री नसेल तर 'भोवत्या' एवढंच लिहावं.

शेतात न विचारता शिरणं ही चूक शहरातून येणाऱ्यांकडून हटकून होते. हरभरा आणि शाळू तुडवला तर शेतकरी पुढच्या वेळी कुणालाच येऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. आधी बांधावर थांबून हाक मारा, "मामा, पाखरं बघायला आलोय, बांधावरून जाऊ का?" समोरचा कन्नड बोलणारा असेल तर "नमस्कार री, हक्की नोडाक बंदीवि" एवढ्यानेही चेहरा खुलतो. पाखरं कुठं बसतात हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

धूपदाळचा बंधारा घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याची परवानगी आधी घ्या, ड्रोन घरी ठेवा. रेकॉर्ड केलेला आवाज लावून पक्षी बोलावणं भीमगडच्या जंगलात असो की पाणथळीवर, करूच नका. एकटादुकटा, विश्रांतीला बसलेला दुर्मीळ पक्षी सापडला तर नेमकं ठिकाण जाहीर करण्यापूर्वी दोन-तीन दिवस जाऊ द्या. तालुक्याचं नाव पुरेसं असतं.

एखाद्या पट्टकदंबाच्या मानेवर रंगीत कॉलर दिसली तर तिचा रंग आणि तिच्यावरची अक्षरं लगेच लिहून घ्या आणि जमलं तर लांबूनच फोटो काढा. मंगोलियात घातलेल्या कॉलरचे पक्षी कर्नाटकात दिसलेले आहेत. ती नोंद, तारीख आणि ठिकाण अभ्यासकांपर्यंत पोहोचवा. पक्षी दिसला नाही त्या सकाळचीही नोंद ठेवा, जलाशयात पाणी किती होतं आणि कोणत्या काठाला चिखल उघडा होता हेसुद्धा लिहा. पुढच्या हिवाळ्यात कुठे बघायचं ते त्यावरूनच ठरतं.