युरोपात सही झालेला कागद आपल्या मागणीपत्रात कसा वापरायचा

भोसरीच्या एका फाउंड्रीत मी ३१ वर्षं काढली, त्यातली १९ फेटलिंगला, म्हणजे ओतलेले कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला. युनियनच्या कमिटीवर चार वेळा निवडून आलो, दोन वेळा जनरल सेक्रेटरी होतो. आता रिटायर झालोय आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कासारवाडीत नव्या कमिटी मेंबरांचा अभ्यासवर्ग घेतो. चाकण, तळेगाव, रांजणगावहून पोरं येतात. बऱ्याच जणांच्या कंपन्यांचे मालक युरोपातले आहेत, त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो: "काका, तिकडे म्हणे अख्ख्या उद्योगाचा एकच करार होतो. त्याचा आम्हाला काही उपयोग आहे का?"

आहे. पण कसा, ते नीट समजून घ्यायला लागतं. इंटरनेटवरून कागद काढला आणि एचआरच्या टेबलावर ठेवला, एवढ्याने काही होत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण पहिली चूक इथेच होते. एक आहे देशातला उद्योगनिहाय करार. जर्मनीत आयजी मेटल ही धातू कामगारांची युनियन सहसा एकेका कंपनीशी पगार ठरवत बसत नाही. त्या-त्या विभागातल्या धातू उद्योगाच्या मालक संघटनेशी बोलणी होतात, एका विभागात तोडगा निघाला की बाकीचे विभाग तोच उचलतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये असंच झालं: एप्रिल २०२५ पासून २ टक्के आणि एप्रिल २०२६ पासून ३.१ टक्के वाढ. ऑस्ट्रियात तर कंपन्यांना उद्योग मंडळाचं सभासद व्हावंच लागतं, म्हणून तिथला जवळजवळ प्रत्येक कामगार कुठल्या ना कुठल्या कराराखाली येतो. पोलंडमध्ये उलट, बहुतेक कामगारांना कराराचं छत्रच नाही. म्हणजे 'युरोपात असं असतं' हे वाक्य बोलणीच्या टेबलावर कधीच बोलू नका. कुठला देश, ते सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे युरोपीय संघाचा कारभार जिथून चालतो त्या ब्रसेल्समधला क्षेत्रीय सामाजिक संवाद. इथे सगळ्या देशांच्या युनियनचा महासंघ एका बाजूला आणि त्याच उद्योगाच्या मालकांचा महासंघ दुसऱ्या बाजूला बसतो. धातू, रसायनं, बांधकाम, रेल्वे, दवाखाने, केशकर्तन अशा चाळीसहून जास्त क्षेत्रांच्या समित्या आहेत. तिथे पगाराची घासाघीस होत नाही. सुरक्षा, आरोग्य, प्रशिक्षण, कामाच्या वेळा, नव्या मशीनमुळे जाणारी कामं हे विषय असतात. आपल्याला उपयोगी पडणारे कागद बहुतेक इथलेच.

आता युनियनला तिथे खुर्ची कशी मिळते, ते पाहा. १९८५ मध्ये युरोपीय आयोगाचे, म्हणजे युरोपीय संघाचा कारभार चालवणाऱ्या मंडळाचे, तेव्हाचे अध्यक्ष जॅक दलोर यांनी युरोपभरच्या मालक आणि कामगार संघटनांना ब्रसेल्सजवळ व्हाल दुशेस इथे एकत्र बसवलं, तेव्हापासून या संवादाला जोर आला. सध्याच्या समित्या २० मे १९९८ च्या युरोपीय आयोगाच्या निर्णयाने सुरू झाल्या. संघटनेला अटी आहेत: ती त्या क्षेत्राची असावी, युरोप पातळीवर बांधलेली असावी, तिच्यातल्या देशोदेशीच्या युनियन आपापल्या देशात मान्य असाव्यात आणि त्यांना करार करण्याची ताकद असावी, आणि भाग घेण्याएवढी यंत्रणा पदरी असावी. हे तोंडी चालत नाही. डब्लिनची युरोफाउंड ही संस्था क्षेत्रवार अभ्यास करून कोण किती प्रातिनिधिक आहे ते तपासते.

वर्गात मी इथे थांबतो आणि फळ्यावर आपला हिशोब लिहितो. राज्याच्या १९७१ च्या कायद्याने युनियनच्या मान्यतेसाठी ३० टक्के सभासदांची अट घातली. केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्याने बोलणी करायला ५१ टक्के लागतात. कुणाकडेच तेवढे नसतील तर किमान २० टक्के असलेल्या युनियनची मिळून परिषद होते. आता मोजा, तुमच्या प्लांटमधले कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस यातल्या कुठल्या आकड्यात धरलेत? गेल्या पावसाळ्यात एका पोराने मोजलं. गेटमधून आत जाणारे ११४०, युनियनचे सभासद २१०. त्याने खडू ठेवला आणि बराच वेळ फळ्याकडे बघत बसला. खुर्चीचा प्रश्न आधी आकड्याचा असतो, ब्रसेल्समध्येही आणि चाकणलाही.

कागद हातात आला की त्याचं वजन बघा. काही कागद कायदा होतात. माझी मुलगी नर्स आहे, तिला हे उदाहरण लगेच पटलं. जुलै २००९ मध्ये दवाखान्यांच्या मालक संघटनेने आणि सार्वजनिक सेवेतल्या युनियन महासंघाने सुई टोचून होणाऱ्या जखमांबद्दल करार केला. दोघांनी मिळून मागणी केली, म्हणून २०१० मध्ये तो जसाच्या तसा युरोपीय निर्देश झाला, म्हणजे सगळ्या सभासद देशांनी पाळायचा कायदा. त्यात वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवायला सरळ बंदी आहे. काही करार मात्र संघटनांनीच स्वतः राबवायचे असतात. आणि काही सही होऊनही अडकतात: केशकर्तनाच्या क्षेत्रातला २०१२ चा आरोग्याचा करार आयोगाने कायदा करायला पुढे पाठवलाच नाही. युरोपातल्या देशोदेशीच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या अशाच अडकलेल्या करारासाठी त्यांचा युनियन महासंघ युरोपीय न्यायालयात गेला आणि २ सप्टेंबर २०२१ ला हरला. करार पुढे पाठवायचा की नाही हे आयोगाने ठरवायचं, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा कागदावर चार सह्या दिसल्या की हुरळून जाऊ नका, पुढे त्याचं काय झालं ते आधी शोधा.

आपल्याकडे यातला कुठलाही कागद बंधनकारक नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं. मग त्याची ताकद कशात? त्यावर मालकांची सही आहे यात. 'हे फाउंड्रीत करता येत नाही' असं मॅनेजमेंट म्हणते, तेव्हा त्याच धंद्यातल्या मालकांनी 'करता येतं' असं लिहून दिलेलं असतं. एवढं एकच हत्यार आहे, पण धारदार आहे.

मी हे शिकलो ते धुळीवरून. फेटलिंगमध्ये माझा जोडीदार दोन वर्षं टीबीच्या गोळ्या खात होता. खोकला जाईना. शेवटी एका छातीच्या डॉक्टरने त्याचं काम विचारलं, फिल्म पुन्हा काढली आणि सिलिकोसिस निघाला. सँडमधली सिलिकाची बारीक स्फटिक धूळ फुप्फुसात बसते, ती परत निघत नाही. त्याआधीच्या करारात आम्ही काय लिहिलं होतं? 'धुळीचा योग्य बंदोबस्त करावा.' मॅनेजमेंटने दोन एक्झॉस्ट फॅन लावले आणि मुद्दा निकाली काढला. 'योग्य' म्हणजे काय ते आम्हीच लिहिलं नव्हतं. त्या ओळीखाली माझी सही आहे.

पुढे एका महासंघाच्या शिबिरात मला युरोपातल्या सिलिका कराराची माहिती मिळाली. २५ एप्रिल २००६ ला धातू आणि रसायन कामगारांच्या युरोपीय महासंघांनी काच, सिमेंट, सिरॅमिक, खाणी, फाउंड्री अशा बऱ्याच उद्योगांच्या मालक संघटनांबरोबर तो केला. फाउंड्री मालकांची युरोपीय संघटना त्यात आहे. बांधकाम क्षेत्र बाहेर राहिलं, हेही सांगायला हवं. या कराराला जोडून कामवार सूचनापत्रं आहेत, आणि मोल इथे आहे. कोअर आणि मोल्डिंगचं, म्हणजे वाळूचे साचे बनवायचं वेगळं, नॉकआउटचं, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढायचं वेगळं, फेटलिंगचं वेगळं. ती इंटरनेटवर मोकळी मिळतात.

ती कशी वाचायची? सूचनापत्र घेऊन शिफ्ट सुटायच्या अर्धा तास आधी शॉपमध्ये उभे राहा. आमच्याकडे तेव्हा एअर गन फिरायची. प्रत्येक जण छातीवर, पाठीवर, केसांत हवा मारून कपडे झाडायचा, आणि ती सगळी धूळ शेजारच्याच्या नाकात. मागून दुसरा कोरड्या झाडूने फ्लोअर झाडायचा. उन्हाची तिरीप पत्र्याच्या फटीतून आली की धूळ हवेत लोंबकळताना दिसायची. जी दिसत नव्हती ती जास्त वाईट. सूचनापत्र सांगतं: कोरडा झाडू नको, कॉम्प्रेस्ड एअर नको; ओलं करा नाहीतर व्हॅक्यूम वापरा. पुढच्या मागणीपत्रात आम्ही 'योग्य बंदोबस्त' काढून टाकला आणि असं लिहिलं: 'फेटलिंग व नॉकआउटमध्ये साफसफाईसाठी एअर गन व कोरडा झाडू बंद करावा. प्रत्येक शिफ्टला एक याप्रमाणे औद्योगिक व्हॅक्यूम द्यावा. प्रत्येक ग्राइंडिंग स्टँडला धूळ ओढणारा हूड बसवावा, त्याची तपासणी कमिटीच्या एका सभासदासमोर व्हावी. कंत्राटी कामगारांसह सर्वांची छातीची तपासणी करून रिपोर्ट ज्याचा त्याला द्यावा.' प्रत्येक ओळीसमोर मूळ सूचनापत्राचं पान जोडलं. बोलणी सात महिने चालली. हूड सगळे नाही मिळाले, निम्मे मिळाले. एअर गन मात्र गेली.

मर्यादेच्या आकड्यावरून फार भांडू नका, हा माझा अनुभव. युरोपने २०१७ च्या निर्देशाने श्वासात जाणाऱ्या स्फटिक सिलिकासाठी आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम मर्यादा घातली. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टातलं सूत्र होतं: दहा भागिले, क्वार्ट्झची (म्हणजे स्फटिक सिलिकाची) टक्केवारी अधिक दोन. धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ धरलं तर धुळीची मर्यादा येते ०.३१ मिलिग्रॅम, आणि त्यातलं सिलिका साधारण ०.०९. म्हणजे जवळजवळ तेवढंच. फरक आकड्यात नाही. मोजणी करताना कामगाराचा माणूस तिथे उभा असतो की नाही, हवेचा नमुना घेणारा पंप ग्राइंडिंग करणाऱ्याच्या कॉलरला लावलाय की ऑफिसच्या दारात, यात आहे. मागणी तिथे करा.

युरोपातल्या युनियनकडून घ्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे आधी ठराव, मग बोलणी. ब्रसेल्समधल्या समितीच्या बैठकीआधी युनियनचे लोक आपसात वेगळे बसतात, देशोदेशीचे मतभेद तिथेच मिटवतात आणि मालकांसमोर एकच भूमिका घेऊन जातात. एकाच कंपनीशी अनेक देशांत करार करायचा असेल, तर धातू कामगारांच्या युरोपीय महासंघाने २००६ मध्येच नियम केला: बोलणी करायचा अधिकार त्या-त्या देशातल्या युनियननी द्यायचा, एकमताने नाहीतर किमान दोन तृतीयांश मतांनी. आपल्याकडे कमिटी थेट आत जाऊन बसते आणि गेट मीटिंगमध्ये नंतर सांगते. तसं करू नका. कशावर मागे हटायचं आणि कशावर नाही, हे आधी जनरल बॉडीत लिहून घ्या.

तिकडे पत्र लिहायचं तर कोणाला? जर्मन कंपनीत युनियन वेगळी आणि कारखान्यात निवडून आलेली कामगार परिषद वेगळी. कंपनीत युरोपात मिळून १००० कामगार आणि किमान दोन देशांत प्रत्येकी १५० असतील, तर युरोपीय कामगार परिषदही स्थापता येते. तुमचा महासंघ जिनिव्हाच्या इंडस्ट्रिऑल ग्लोबल युनियनला जोडलेला असेल तर त्याच्यामार्फत जा, पत्र योग्य टेबलावर पोचतं. पत्र अर्ध्या पानाचं ठेवा. सगळी रडकथा नको, एकच प्रश्न: 'तुमच्या प्लांटमध्ये या मशीनवर हूड आहे का? असल्यास फोटो पाठवाल का?' अशा पत्राला उत्तर येतं. आम्हाला आलं होतं, आणि तो फोटो आम्ही बोलणीत टेबलावर ठेवला.

'आपल्याकडे अख्ख्या धंद्याची बोलणी होऊच शकत नाहीत' असं कोणी म्हणालं, तर त्याला पुण्याच्या मार्केट यार्डात न्या. १९६९ चा माथाडी कायदा हमालाला एका दुकानाशी बांधत नाही. मंडळात सरकार, मालक आणि कामगार तिघे बसतात, आणि मजुरी, भविष्य निर्वाह निधी, सुट्टी धंद्यापुरती ठरते. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ज्यांना कोणी कामगार म्हणायला तयार नव्हतं अशांना संघटित केलं. साखर कामगारांचा पगारही राज्याच्या त्रिपक्षीय समितीतच ठरत आलाय. भोसरीतल्या वीस छोट्या फाउंड्र्यांच्या युनियननी धुळीपुरतं एक समान मागणीपत्र काढलं तर त्यात परकं काहीच नाही. सुरुवात म्हणून शेजारच्या दोन गेटच्या सेक्रेटरींना चहाला बोलवा आणि तिघांची जुनी मागणीपत्रं शेजारी शेजारी ठेवा. निम्म्या ओळी सारख्याच निघतात.

सही झाली की काम अर्धं झालं. सिलिका करारात दर दोन वर्षांनी प्रत्येक कारखान्याकडून माहिती गोळा होते: किती जणांना धोका, किती जणांची तपासणी, किती जणांना प्रशिक्षण. तसाच एक तक्ता आपल्या नोटीस बोर्डावर लावायचा, पण दर महिन्याला. तीन रकाने पुरेत: काय कबूल झालं, कधीपर्यंत, झालं का. तिसरा रकाना कमिटीने भरायचा नाही, त्या शॉपमधल्या माणसाने भरायचा. आमच्या फेटलिंगचा रकाना माझा जोडीदार भरायचा. काम सुटल्यावरही तो पहिल्या सोमवारी गेटवर यायचा, आतून पोरं सांगायची आणि तो लिहायचा.