उन्हात लावलेली व्हीटेक सुरू होत नाही तेव्हा

दुपारी सोलापूरच्या नवी पेठेत गाडी उन्हात लावली. तासाभराने परत आलात तर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. दारं उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्या किल्लीला सुरू. जुन्या होंडा सिटी १.५ व्हीटेकची (२००३ पर्यंतचं मॉडेल, १०६ बीएचपी) ही फार ओळखीची तक्रार. बहुतेक वेळा दोष इंजिनात नसतोच, पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या स्विचमध्ये, म्हणजे मेन रिलेत असतो. पेट्रोल पंप बदलायला निघण्याआधी तो तपासा.

तपासणी गाडी अडलेली असतानाच करायची. थंड झाल्यावर सगळं बरोबरच दिसतं. किल्ली ऑनवर आणा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा लागून दोन सेकंदांनी विझला पाहिजे आणि तेवढाच वेळ मागच्या सीटखालून पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. दिवा नीट लागला-विझला पण घरघर नाही, तर संशय रिलेवर. घरघर आली आणि तरी गाडी सुरू नाही, तर स्पार्क प्लगच्या करंटकडे वळा.

मेन रिले म्हणजे डॅशबोर्डखाली ब्रॅकेटला बोल्टने कसलेली, सात पिनांची छोटी डबी. आत दोन रिले एकाच सर्किटच्या पट्टीवर असतात. वीस वर्षांच्या गरम-थंड होण्याने पिनांभोवतीच्या सोल्डरला बारीक गोल तडे जातात. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, बंद गाडीत तर त्याहून कितीतरी वर. त्या उष्णतेने पट्टी प्रसरते, तडा उघडतो आणि पंपाचा पुरवठा तुटतो.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. दहाच्या पान्याने डबी सोडवा, कनेक्टरची कुलपी दाबून ओढा. वायर धरून ओढू नका. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचला आणि भिंगातून खालची बाजू बघा. जाड पिनांभोवती काळसर कडी दिसली की तोच तडा. नुसतं वरून नवं सोल्डर लावलं तर दोन महिन्यांत परत तेच. जुनं सोल्डर ते ओढायच्या हातपंपाने किंवा तांब्याच्या जाळीच्या पट्टीने ओढून घ्या, फ्लक्स लावा, मग चाळीस ते साठ वॅटच्या गनने ६०/४० सोल्डर भरा. एका सांध्याला तीन-चार सेकंद पुरे. जास्त तापवलं तर तांब्याचा पट्टा सुटतो. तडा एकालाच दिसला तरी सगळेच सांधे करून घ्या.

प्लगला करंट नसेल तर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग, उघडा. या गाडीत ठिणगीचा दाब वाढवणारी कॉइल आणि तिला चालू-बंद करणारा इग्नायटर दोन्ही त्याच्याच पोटात असतात, म्हणून तिथली उष्णता दोघांना मारते. मल्टिमीटरवर कॉइलचं प्रायमरी साधारण ०.६ ते ०.८ ओहम, सेकंडरी १३ ते १९ किलोओहम यायला हवं. प्लगची प्रत्येक वायर २५ किलोओहमच्या आत. कॅपखाली तांबूस पूड दिसली तर बेअरिंग खात आहे; ते जाम झालं तर गाडी रस्त्यातच बंद पडेल. आत तेल आलं असेल तर सील गेलेला आहे. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढण्याआधी बॉडी आणि हेडवर एकसलग खूण कोरा, नाहीतर टायमिंग हरवेल. प्लगची गॅप १.१ मिलिमीटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

कूलिंगचं काम जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की हाती घ्या, एप्रिलची वाट बघू नका. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणं हा या गाडीवरचा सर्वांत मोठा अन्याय आहे. क्षार बारीक नळ्यांत बसतात, हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा जास्त गरम झालं की वाकतं आणि गॅस्केट जातं. कूलंट सिलिकेट नसलेलं, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅटजवळचा हवेचा बोल्ट सैल करा आणि बुडबुडे संपून सलग धार आली की कसा. रेडिएटरची कॅप १.१ बारची. पंखा लागत नसेल तर रेडिएटरच्या स्विचचा प्लग काढून त्याची दोन टोकं वायरने जोडा, किल्ली ऑन. पंखा फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला गाडी लावत असाल तर एसीच्या कंडेन्सरवर सुताचा कोंडा बसलाय का तेही बघा. आतून बाहेर, हलक्या धारेने धुवा.

टॅपेट सेटिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला, इंजिन ३८ अंशांच्या खाली असावं लागतं. उन्हाळ्यात दुपारी, रात्रभर उभी असलेली गाडीसुद्धा या अटीत बसत नाही. म्हणून पहाटेच, गाडी सुरू करण्याआधी करा. इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर. आणि लक्षात ठेवा, हे इंजिन पुलीकडून बघता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. सवयीने सुलट फिरवलं तर टायमिंग बेल्टचा दात सरकू शकतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, म्हणून शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल तर आधी बेल्ट आणि त्याच वेळी वॉटर पंप बदला.

वरच्या आरपीएमला जोर येत नसेल तर प्रथम ऑइलची पातळी. ती ठीक असेल तर हेडवरचा व्हीटेक सोलेनॉइड (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडण्यासाठी ऑइल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) दहाच्या तीन बोल्टांतून सोडवा. त्याच्या गॅस्केटमधली जाळी गाळाने बुजलेली सापडते. पेट्रोलने धुवून नवं गॅस्केट लावा. सोलेनॉइडच्या कॉइलचा रोध १४ ते ३० ओहम असावा.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. बॉनेट उघडलं की पेट्रोल फिल्टर आणि इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलजवळचे पाइप बोटाने दाबून बघा. कडक, भेगाळलेले किंवा चिकट लागले तर सगळेच बदला. फिल्टर उघडताना टाकीचं झाकण काढून ठेवा, सांध्याभोवती फडकं धरा, बोल्ट हळू सैल करा, कारण आत दाब असतो. त्या बोल्टचे वॉशर मात्र प्रत्येक वेळी नवेच. जुना पुन्हा कसला की थेंब-थेंब गळतं, आणि खाली तापलेलं इंजिन असतं.