हाइसमनचं मतदान ‘फिक्स’ म्हणायच्या आधी काय काय बघायचं

माझा भाचा शिकायला कोलंबसला गेला आणि दोन महिन्यांत ओहायो स्टेटचा असा भक्त झाला की आता दर डिसेंबरला हाइसमन बक्षीस जाहीर झालं की त्याचा मेसेज ठरलेला, मामा सगळं सेटिंग आहे रे. मी इकडे ठाण्यात वर्तकनगरला बसून पहिली दोन वर्षं हो ला हो केलं. मग म्हटलं बघू तरी नेमकं कुठे सेटिंग आहे. ज्यांची पोरं तिकडे आहेत आणि जे त्यांच्या नादाने हा हेल्मेटवाला फुटबॉल बघायला लागलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं म्हणजे मत कोण देतं ते बघा. हाइसमन म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला वर्षाचा बेस्ट प्लेयर, १९३५ पासून देतात. मतदार ८७० मीडियावाले, देशाचे ६ विभाग पाडून प्रत्येकी १४५, शिवाय हयात असलेले जुने विजेते, आणि पब्लिकचं सगळं मिळून फक्त एक मत. भाचा आणि त्याचे रूममेट रात्रभर ऑनलाइन वोटिंग करत बसले होते, त्या सगळ्याचं वजन एका पत्रकाराएवढं. हे सांगितल्यावर दोन दिवस फोन नाही.

मग गुण कसे मोजतात ते, आणि खरी गंमत इथेच आहे. प्रत्येक जण ३ नावं लिहितो, पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. म्हणजे सगळ्यात जास्त पहिली पसंती मिळूनही माणूस हरू शकतो. १९५६ साली तसंच झालं. ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडोनाल्डला पहिल्या पसंतीची मतं सगळ्यात जास्त, तरी तो तिसरा, आणि जिंकला नोत्र दामचा पॉल हॉर्नंग, ज्याची टीम त्या वर्षी २ जिंकून ८ हरली होती! मॅकडोनाल्डच्याच टीममधला जेरी टब्स चौथा आला, म्हणजे एकाच घरची मतं दोघांत वाटली गेली, आणि हॉर्नंगचं नाव दुसऱ्या तिसऱ्या नंबरावर सगळीकडे. नोत्र दाम म्हणजे तेव्हा घराघरात माहीत असलेलं नाव, ते सुचतंच. आणि जिम ब्राउन, त्या काळातला जबरदस्त काळा खेळाडू, पाचवा. ह्याला निव्वळ गणित म्हणून सोडता येत नाही, कारण काळ्या खेळाडूला पहिला हाइसमन मिळायला १९६१ उजाडलं, एर्नी डेव्हिसला, तोही ब्राउनच्याच सिराक्यूजचा.

निकाल घासून लागला असेल तर कागद पेन घ्या. २००९ ला अलाबामाच्या मार्क इनग्रमने १३०४ गुण घेतले, पश्चिमेकडच्या स्टॅनफर्डच्या टोबी गेरहार्टने १२७६. फरक २८. आता एखाद्याने इनग्रम पहिला गेरहार्ट दुसरा लिहिलंय ते उलटं केलं तर फरक २ ने कमी होतो, म्हणजे १४ जणांनी अदलाबदल केली असती तर बरोबरी, १५ जणांनी केली असती तर निकाल उलटा. एवढ्या मतदारांत १५ जण. त्यासाठी कट लागत नाही, १५ जण लवकर झोपले तरी पुरतं.

झोपेचं उगाच नाही म्हणत, घड्याळ बघाच. पश्चिमेकडच्या टीमची रात्रीची मॅच न्यूयॉर्कच्या वेळेने साडेदहाला सुरू होते, संपेपर्यंत दोन वाजतात, तिकडचा मतदार केव्हाच आडवा झालेला. मॅच सुरू होते तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे ८ (नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागे घेतलं की ९), म्हणजे मामलेदारची मिसळ पार्सल आणून निवांत बघायची वेळ. ज्या मॅचला बॉस्टनचा पत्रकार झोपलाय ती ठाण्यातला माणूस पाव बुडवत लाइव्ह बघतोय. २०१५ ला स्टॅनफर्डच्याच ख्रिश्चन मॅकॅफ्रीने बॉल घेऊन पळणं, कॅच, किक परत आणणं असे सगळे प्रकार मिळून एका सीझनमध्ये ३८६४ यार्ड काढले, बॅरी सँडर्सचा ३२५० चा रेकॉर्ड मोडला, तरी हाइसमन अलाबामाच्या डेरिक हेन्रीला. मी तेव्हा जाम चिडलो होतो. पण मग आठवलं की पामर, लायनार्ट, मारियोटा हे पश्चिमेचेच आणि जिंकलेच की, त्यामुळे हे कारण दरवेळी लावायचं नाही. निकालासोबत कुठल्या विभागात कोण पुढे होता ते येतं, ते आधी बघायचं. एपी पोलमध्ये (पत्रकार टीमांना नंबर देतात ती यादी) तर कुठल्या पत्रकाराने कोणाला कितवा नंबर दिला तेही उघड असतं, तिथे मोघम आरोप करायची गरजच नाही.

चॅम्पियनशिपचं भांडण वेगळं, तिथे शेवटच्या फेरीला तेव्हा एक कमिटी चार टीम निवडायची. २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकूनही चौघांत नाही, एक मॅच हरलेली अलाबामा आत. लगेच बोंब, मॅच दाखवणाऱ्या इएसपीएन चॅनलला अलाबामाची एसइसी (टीमांचा गट) पाहिजे म्हणून. इथे दोन गोष्टी बघा, पैसा आणि नियम. इएसपीएनचे पैसे फ्लोरिडा स्टेटच्या एसीसी गटातही अडकलेत, त्या गटाचं चॅनलसुद्धा इएसपीएनच चालवतं, त्यामुळे गोष्ट तेवढी सरळ नाही. आणि कमिटीच्या नियमात मुख्य खेळाडू नसेल तर ते धरायचं असं लिहिलेलंच आहे, फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस पाय मोडून बसला होता. नियमच चुकीचा आहे असं तुम्ही म्हणू शकता, मी पण म्हणतो, जिंकलेल्या मॅचला मग अर्थ काय. पण ते नियमाशी भांडण झालं, चोरीचा आरोप नाही.

भाच्याला हे पटलं ते आमच्या सोसायटीच्या अंडरआर्म टूर्नामेंटमुळे. मॅन ऑफ द सिरीज कमिटीचे तीन काका ठरवतात. बी विंगच्या पोराने सकाळच्या मॅचेसमध्ये विकेटांची रांग लावली आणि बक्षीस गेलं फायनलला दोन सिक्स मारणाऱ्याला. पोरं म्हणाली सेटिंग. मी विचारलं, सकाळी ८ ला काकांपैकी कोण होतं? कोणीच नाही, फक्त चहावाला. यंदा मी कागद छापून दिले, ३ नावं, ३-२-१, आणि खाली ‘कुठल्या मॅच बघितल्या’ म्हणून चौकोन. दोन काकांनी फक्त फायनलवर टिक केली. तिसऱ्यांनी सगळ्या मॅचवर टिक मारली, आणि ते त्या दिवशी दुपारपर्यंत डोंबिवलीला लग्नात होते.