थॅकरे वाचायला घेताना

थॅकरे हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. सुरुवात त्याच्या 'व्हॅनिटी फेअर'पासूनच करावी, पण प्रत निवडताना आधी चित्रे आहेत का ते पाहावे. ही कादंबरी जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ या काळात दरमहा पिवळ्या वेष्टनातल्या पुस्तिकांतून निघाली. एका पुस्तिकेत ३२ पाने, किंमत एक शिलिंग, आणि चित्रे खुद्द थॅकरेने काढलेली. १८५३ च्या स्वस्त आवृत्तीत ती वगळली गेली. आजच्याही कित्येक प्रतींत ती सापडत नाहीत. त्याचा फटका शेवटच्या, ६७ व्या प्रकरणात बसतो. कादंबरीची धूर्त नायिका बेकी हिने तिच्या जाळ्यात सापडलेल्या श्रीमंत जोस सेडलीचा जीव घेतला का, हे मजकूर कुठेच सांगत नाही. चित्रात मात्र ती पडद्याआड उभी आहे आणि खाली नाव आहे क्लायटेम्नेस्ट्राचे, म्हणजे नवऱ्याचा खून करणाऱ्या ग्रीक राणीचे. आरोप चित्र करते. मजकूर हात झटकतो.

एका बैठकीत एकच पुस्तिका, म्हणजे साधारण तीन-चार प्रकरणे वाचावीत. ३२ व्या प्रकरणाशी थांबाच. तिथे वॉटर्लूच्या रणात बेकीच्या मैत्रिणीचा नवरा जॉर्ज एका वाक्यात मरतो, आणि पहिल्या वाचकांना पुढच्या महिन्यापर्यंत तेवढ्यावरच राहावे लागले होते. प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी. ती लिहिलीही शेवटीच गेली.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे निवेदकाला थॅकरे समजणे. हा निवेदक कधी बाहुल्यांचा खेळ करणारा असतो, कधी प्रवचनकार, आणि ६२ व्या प्रकरणात तर पात्रांना जर्मनीत प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगतो. मग बंद दारामागचे बोलणे त्याला कसे कळले? 'मी' येईल तिथे समासात खूण करा. सवय होत नसेल तर १८४४ ची 'बॅरी लिंडन' मध्ये घ्या. तिथे कथा सांगणाराच फुशारक्या मारणारा लबाड आहे.

तिसऱ्या प्रकरणात बेकी 'चिली' हे नाव ऐकून काहीतरी गारेगार असेल म्हणून मिरची खाते. आपल्याला इथे तळटीप लागत नाही.

चरित्रातले पैशाचे प्रकरण नीट वाचा. थॅकरेचा जन्म १८११ चा, कलकत्त्याचा. वडील कंपनी सरकारचे अधिकारी. वारशाचा पैसा काही जुगारात गेला, बराचसा कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या तेव्हा. पुढे त्याच्या 'द न्यूकम्स' या कादंबरीत बुंदेलखंड बँक बुडते ती उगाच नाही. म्हणून वहीत एक पान देण्याघेण्यासाठी ठेवा: कोण, कोणाचे, किती देणे लागतो. ३७ व्या प्रकरणापासून बेकी आणि तिचा नवरा रॉडन लंडनच्या कर्झन स्ट्रीटवर दमडी न देता थाटात राहतात. घरमालक रॅगल्स हा जुना बटलर. आयुष्यभराची पुंजी त्याने त्या घरात घातलेली असते. शेवटी कर्जापायी तुरुंगात तोच जातो.